दुपारपर्यंतचा पांढरा

कपाशीचं फूल चितारायला घेतलं की आधी घड्याळ बघावं लागतं. पाते लागून फुलं सुरू झाली की सकाळी उमललेलं फूल जवळजवळ पांढरं असतं, अगदी नीट पाहिलं तर सायीच्या रंगाचं. उन्हं कलली की पाकळ्यांच्या कडांना गुलाबी झाक येते. दुसऱ्या दिवशी तेच फूल चांगलं गुलाबी-लाल होऊन मिटलेलं असतं, आणि पुढे वाळून बोंडाच्या टोकावरून गळतं. बाकीची फुलं जाताना रंग घालवून बसतात, हे जाता जाता रंगतं. पाकळ्यांत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य साठत जातं म्हणून असं होतं. शेतकऱ्याला हे कोणी सांगायला लागत नाही. कुठलं फूल आजचं आणि कुठलं कालचं, हे तो बांधावरूनच ओळखतो.

चोपड्याकडच्या आमच्या शेतात मी बांधावर बोर्ड मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा निंदणीला आलेल्या काकी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय काढी राह्यनी व माय? कपाशीनं फूल? ते तं सांजले लाल व्हई जाई, मंग काय करशी?"

उत्तर म्हणून मी नुसती हसले. पण फुलांच्या स्थिरचित्राविषयी विचारण्यासारखं जे काही आहे, ते काकींनी विचारून टाकलं होतं. लाल होईल, मग काय करशील?

फुलांच्या चित्राचा मूड फुलांवरून ठरतो असं सर्रास मानलं जातं. गुलाब म्हटला की प्रेम, पांढरी फुलं म्हटली की शांतता, वाळकी फांदी म्हटली की विरह. ही सगळी ग्रीटिंग कार्डांची वाटणी झाली. माझ्या मते मूड ठरतो तो चित्रकाराने वेळेशी कसा व्यवहार केला त्यावर. काय घाईने पकडलं, काय हातचं जाऊ दिलं, कुठे निवांत रेंगाळला. तंत्र तंत्र म्हणतात ते बरंचसं या व्यवहाराचंच असतं.

शाळेत आपण नेमकं उलटं शिकलो. ग्रेड परीक्षेचा स्थिरचित्राचा पेपर आठवा: स्टुलावर तांब्या, पुढे दोन वांगी, एखादा कांदा, मागे घडी पाडलेलं कापड. आधी पेन्सिलने सगळ्यांच्या बाह्यरेषा काढायच्या, मग पोस्टर कलर भरायचे, शेवटी तांब्यावर पांढऱ्याचा एक ठिपका. तांब्या तीन तास जागचा हलत नाही, वांगंही हलत नाही, त्यामुळे ते निभतं. फूल मात्र बसल्या जागी चालत असतं. पाण्यात ठेवलेला देठ उजेडाकडे वळतो, कळी उघडते, खालची पाकळी सैल पडते, आणि या सगळ्यांच्या आधी टेबलावरची सावली सरकते. म्हणून फुलांच्या मांडणीत जे आधी जाणार ते आधी काढायचं. सावलीचा आकार, मग फुलांची तोंडं कुठे वळली आहेत ते, मग पाकळ्या. तांब्या सगळ्यात शेवटी, हवं तर रात्री ट्यूबलाइटखाली. बाह्यरेषा आधी काढून आत रंग भरायची सवय फुलांना सगळ्यात जास्त मारक ठरते, कारण पाकळीला सगळीकडे कड नसतेच. जिथे ती उजेडात विरघळते तिथे कड पुसलेली असते, आणि जिथे मागे गडद पान येतं तिथे ती धारदार होते. डोळे बारीक करून पाहिलं की हे लगेच कळतं. पूर्ण उघड्या डोळ्यांना फूल दिसतं, अर्धमिटल्या डोळ्यांना उजेड-अंधाराचे डाग दिसतात. रंगवायचे ते डाग.

कपाशीचं फूल मी जलरंगात काढते. पारदर्शक जलरंगाच्या जुन्या रीतीत पांढरा रंग वापरतच नाहीत. पांढरं म्हणजे कोरा ठेवलेला कागद. त्यामुळे पांढरं फूल काढायचं म्हणजे फूल सोडून बाकीचं सगळं काढायचं: मागची पानं, फुलाखालची दातेरी हिरवी पाती, त्यामागचा ढगाळ करडा उजेड. पाकळ्यांच्या आतली सावली तेवढी लावायची, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी भरपूर पाण्यात, आणि जिथे एक पाकळी दुसरीखाली जाते तिथे लेमन यलोचा एक थेंब. त्या पाच पाकळ्या एकमेकींवर चढत गोल वळलेल्या असतात, प्रत्येकीची एक कड वर आणि दुसरी शेजारणीच्या खाली. कपाशी जास्वंदीच्याच कुळातली, मधला परागांचा खांब पाहिला की नातं पटतं. पण जास्वंद आपण होऊन पुढे येते, कपाशी मान खाली घालून पानाआड राहते. तिला समोरून काढलं की ती खोटी वाटते. बाजूने किंवा पाठीमागून काढावी.

संध्याकाळी फूल रंगायला लागलं की त्याच वाळलेल्या कागदावर पातळ गुलाबी वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, चढवता येतो. जलरंग एकाच दिशेने जातो, उजेडाकडून गडदाकडे. वाटेत परत फिरायला जागा नसते. कपाशीचं फूलही त्याच दिशेने जातं. सकाळचा कोरा कागद कुठे राखायचा आणि संध्याकाळचा गुलाबी कुठे येऊ द्यायचा, एवढंच मग हातात उरतं. काकींच्या प्रश्नाला माझं उत्तर असलंच तर ते हे: लाल होईल तेव्हा लाल लावीन, पण थोडा पांढरा झाकणार नाही.

खानदेशात जलरंग लावायचा तर हवेशीही जमवून घ्यावं लागतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा वॉशचं एक टोक ओढून ब्रश दुसऱ्या टोकाला न्यावा तोवर पहिलं वाळलेलं असतं, आणि मधे कडक कड उमटते. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे थेंब टाकतात, त्याने वाळणं जरा लांबतं. मोगरा त्या दिवसांत काढावा तर टेबलावर ठेवल्यापासून तो मलूल होत जातो. श्रावणात उलटी तऱ्हा. कागद दमट, रंग तासभर ओलाच, पानाचा हिरवा पाकळीत शिरतो. मला हे शिरणं आवडतं. ओल्या कागदावर एका फुलाचा रंग दुसऱ्यात गेला की पावसाळ्याची हवा आपोआप चित्रात येते, ती वेगळी काढावी लागत नाही.

उजेडाबद्दलही तसंच. चित्रकाराने उत्तरेच्या खिडकीशी बसावं, तिथून थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो, असं युरोपातली सगळी पुस्तकं सांगतात. त्यांच्या देशात ते खरं आहे. जळगाव मात्र २१ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडे झुकलेला. उत्तरेच्या खिडकीतून ऊन सरळ टेबलावर येतं. त्या दिवसांत आम्ही खिडकीला जुनं धोतर बांधतो. धोतरातून गाळून आलेला उजेड कुठल्याही महागड्या दिव्यापेक्षा चांगला, असं माझं ठाम मत आहे.

आता तैलरंगाकडे वळू, कारण फुलांची स्थिरचित्रं म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती तैलरंगातलीच, आणि त्यातही डच. तैलरंगाची चाल उलटी. गडदातून वर यायचं. आधी तपकिरी-करड्याचा पातळ थर, त्यावर फुलांचे ढोबळ आकार, मग ग्लेझ, म्हणजे रंगाचे पारदर्शक, झिरझिरीत थर, आणि सगळ्यात शेवटी जाडसर पांढरा. खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे, नाहीतर वरचा आधी आक्रसून पुढे भेगा पडतात. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, म्हणून थर वाळायला दिवसचे दिवस लागतात. एवढ्या सावकाश माध्यमात काही तासांचं फूल कसं धरायचं? १७ व्या शतकातल्या डच आणि शेजारच्या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रकारांनी यावर काढलेला तोडगा मजेशीर आहे. त्यांनी एका फुलदाणीत सगळे ऋतू भरले. वसंतातला ट्युलिप, उन्हाळ्यातला गुलाब, आणखी कुठल्या महिन्यातलं काही. वेगवेगळ्या वेळी केलेल्या अभ्यासांवरून एकच गुच्छ. ॲम्ब्रोसियस बॉसखार्ट आणि यान ब्रुगेल यांच्या चित्रांतला तो गुच्छ जगात कुठल्याही सकाळी कुठल्याही टेबलावर उभा नव्हता.

यान फान हाइसम तर पिवळा गुलाब मिळेना म्हणून चित्र अडलंय असं गिऱ्हाइकाला कळवणारा माणूस. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं मातीच्या फुलदाणीतल्या फुलांचं एक चित्र आहे, त्यावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं घातलेली आहेत. कौशल्याबद्दल बोलायची माझी प्राज्ञा नाही. पाण्याचा थेंब, मुंगी, पक्ष्याचं घरटं, सगळं बोट लावून बघावं असं. तरी खरं सांगायचं तर अशा चित्रांपुढे मी लवकर थकते. प्रत्येक फूल सारख्याच तब्येतीत, प्रत्येकाला आपलं तोंड दाखवायची घाई. वेळ त्यांनी जिंकलाय, आणि जिंकलेल्या माणसाशी गप्पा रंगत नाहीत.

राखेल राइश मला त्यांच्यात वेगळी वाटते. जन्म १६६४, मृत्यू १७५०. वडील शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र जाणणारे, घरात नमुन्यांचा संग्रह. दहा मुलांची आई, आणि ऐंशी ओलांडल्यावरही चित्रं काढत होती, म्हातारपणच्या चित्रांवर सहीसोबत आपलं वय लिहायची. (दहा मुलं आणि तैलरंग! आमच्याकडे दोन मुलांत जलरंगाची पेटी उघडायला दुपार उजाडते.) तिच्या मांडणीत एक तिरकी लाट असते. कुठलं तरी जड फूल मान टाकतं, एखादा देठ फुलदाणीबाहेर पडू बघतो, काही फुलं पाठ फिरवून बसलेली. सगळी फुलं आपल्याकडे बघत नसली की चित्रात बाकीचं जग आहे असं वाटतं.

आणि दुसऱ्या टोकाला फ्रेंच चित्रकार एदुआर माने. १८८२-८३ च्या सुमारास आजारपणामुळे मोठी चित्रं जमेनाशी झाली, तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी आणलेले छोटे गुच्छ तो काढत बसला. काचेच्या फुलदाणीत दोन गुलाब, थोडी लायलॅक. एप्रिल १८८३ मध्ये तो गेला. हे माहीत असल्यावर त्या चित्रांत दुःख शोधायचा मोह होतो, पण चित्रांत ते जवळजवळ नाही. पाकळी एका ब्रशच्या ओढीत लावलेली, पाण्यातले देठ काचेत मोडून दिसतात ते चार-सहा हिरव्या फटकाऱ्यांत. जेवढा वेळ होता तेवढंच चित्र. मला वाटतं फुलांच्या चित्रात हलकेपणा आणणं उदासपणा आणण्यापेक्षा फार अवघड आहे. उदासपणाला काळी पार्श्वभूमी पुरते.

पार्श्वभूमी हा तसा मोठाच विषय. अर्धा मूड तिथे ठरतो. फांतँ-लातूर या फ्रेंच चित्रकाराची फुलं इतकी जिवंत वाटतात त्यात त्याच्या मागच्या करड्या-तपकिरी भिंतीचा मोठा वाटा आहे. ती ना गरम ना थंड, फुलांच्या रंगांना बोलू देणारी. आपल्या घरातल्या आकाशी डिस्टेंपरसमोर झेंडू ठेवला तर दोघंही भांडायला उठतात. त्याच झेंडूमागे जुनं गोणपाट धरून बघा.

दसऱ्याला बाजारात झेंडूचे ढीग लागतात, आणि झेंडू हे शिकणाऱ्यासाठी उत्तम फूल आहे, कारण त्याच्या पाकळ्या मोजून काढणं अशक्य असतं. आधी तो केशरी गोळा म्हणून पाहायचा. उजेडाकडची बाजू पिवळसर, सावलीकडची केशरीत बर्न्ट सिएना आणि थोडा किरमिजी मिसळून. मग उजेड-सावलीच्या सीमेवर सात-आठ पाकळ्यांच्या कडा नीट दाखवायच्या, बाकी शंभर पाकळ्या बघणारा स्वतः भरतो. सावलीत काळा रंग घातला की झेंडू मेला. हे एक वाक्य मी शिकवणीच्या मुलांना इतक्या वेळा ऐकवते की ती आता माझ्याआधी म्हणतात.

केळफूल मात्र कोणी काढत नाही, आणि ते इकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात पायलीला पन्नास. फुलदाणीत ते बसत नाही, ताटात आडवं ठेवावं लागतं. बाहेरून गडद जांभळट-तांबडं, त्यावर पांढुरकी भुकटी बसल्यासारखी मेणचट झाक. ही झाक हाच त्याचा जीव. आधी खालचा गरम तांबडा पूर्ण वाळू द्यायचा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने थंड करडा-जांभळा वरून नुसता घासायचा, खालचा रंग मधून मधून दिसत राहील असा. एक पान उलगडून मागे वळवलं की आतला रंग एकदम लालभडक निघतो आणि पिवळट फुलांची फणी दिसते. चीक मात्र सांभाळा, कपड्यावर पडला की जन्मभराचा. मला कुठल्याही विलायती लिलीपेक्षा हे फूल जास्त गूढ वाटतं, आणि चित्र झाल्यावर त्याची भाजी होते हा त्याचा वरकड गुण.

टेबलावर ठेवलेल्या साध्या वस्तूंतून केवढं जग उभं करता येतं, हे खानदेशाला चाळीसगावच्या केकी मूस यांनी दाखवून ठेवलंय. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. स्टेशनजवळच्या आपल्या दगडी बंगल्यात वर्षानुवर्षं जवळजवळ बाहेर न पडता राहिलेला हा माणूस घरगुती वस्तू टेबलावर मांडून, त्यावर प्रकाश टाकून टेबलटॉप छायाचित्रं करायचा. तो बंगला आता संग्रहालय आहे. ती छायाचित्रं पाहताना माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की वस्तू लहान-मोठी ठरते ती प्रकाश कुठून आणि किती उंचीवरून येतो त्यावर. बाजूने, अगदी खालून आलेला प्रकाश मूठभर गोष्टीला डोंगराएवढं करतो. त्यानंतर मी फुलांवर वरचा दिवा लावणं सोडलं.

जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. जिल्हा शेजारचा असला तरी पाहुण्यांना तिथे न्यायचा मान आमचा. लोक पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर थांबतात, त्याच्या हातातलं कमळ पाहतात आणि पुढे जातात. माझी मान वर असते. छतांवर कमळं, वेली, फळं, हंस यांचे चौकोन भरलेले आहेत. भाताचं तूस वगैरे मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि दूरच्या डोंगरांतून आलेला लाजवर्दी निळा. यातले बहुतेक रंग म्हणजे माती आणि दगड. पाचव्या शतकातलं कमळ म्हणूनच अजून लाल-हिरवं आहे. जिथे गेलंय तिथे ते बहुतेक गिलाव्यासकट गेलंय. त्या कमळांना कोमेजायची भीतीच नाही, कारण ती कुठल्या पाण्यात ठेवलेली नाहीत, कुठल्या सकाळची नाहीत. त्यांच्यात घाई नाही, आणि म्हणून ती स्थिरचित्रं वाटत नाहीत मला. स्थिरचित्राला थोडी तरी घाई लागते.

दगडमातीचे रंग टिकतात, वनस्पतींचे आणि काही कृत्रिम रंग उडतात, याची सगळ्यात गंमतशीर साक्ष व्हॅन गॉगच्या गुलाबांची. मे १८९० मध्ये सेंट-रेमीच्या इस्पितळातून निघण्याआधी त्याने आयरिस आणि गुलाबांची चार मोठी चित्रं केली. त्यातले गुलाब आज पांढरे दिसतात. ते तसे नव्हते. त्याने ते गुलाबी रंगवले होते, पण त्यात वापरलेला लाल रंग उजेडाने उडून जातो, आणि मागे राहिलं ते जवळजवळ पांढरं. आयरिसही जांभळ्याचे निळे झालेत, कारण जांभळ्यातला लाल गेला. फान हाइसमच्या चित्रांतली निळसर पानं त्याच जातीची: हिरव्यातला पिवळा उडाला, निळा राहिला. म्हणजे आमच्या शेतातलं फूल पांढऱ्याचं गुलाबी होतं आणि म्युझियममधलं गुलाबीचं पांढरं. चित्र काढलं म्हणून फूल थांबत नाही, फक्त त्याचा वेग बदलतो आणि कधी कधी दिशा.

हे वाचल्यापासून मी अलीझरिन क्रिमसन या किरमिजी लाल रंगाची ट्यूब बाजूला ठेवली. तो रंग दिसायला देखणा, पण उजेडात टिकाऊ नाही. त्याऐवजी क्विनाक्रिडोन रोझ घ्यावा, थोडा महाग पडतो. मुलांना सरावासाठी काहीही चालेल, पण भिंतीवर जाणाऱ्या चित्राला कंजुषी नको.

भिंतीवर जाण्याचाच प्रश्न परवा आला. आमच्या गल्लीतल्या मावशींना दिवाळीआधी हॉल रंगवून झाल्यावर सोफ्याच्या वर लावायला फुलांचं चित्र हवं होतं. कपाशीचं दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून, जवळ जाऊन, लांब जाऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण ते पांढरं राहिलंय ना वरती, तिथे पण गुलाबी भर. सोफ्याला मॅच होईल." मी म्हटलं, ते राहिलेलं नाही, ठेवलंय. त्यांना ते पटलं नाही, पण चित्र त्यांनी घेतलं. मग कुठे लावणार ते बघायला गेले तर समोर पश्चिमेची मोठी खिडकी, दुपारी तीनपासून उन्हाचा चौकोन थेट त्याच भिंतीवर. मी सांगितलं, मावशी, इथे नको, इकडच्या उन्हात कागद पिवळा पडेल, रंग उडेल, ही आतली बाजूची भिंत बघा, सावलीत आहे.

"आत कोण बघणार आहे?" मावशी म्हणाल्या. "मी खिडकीला जाड पडदा करून घेते. तू काचेच्या फ्रेमचे किती होतात ते तेवढं विचारून सांग."